घड्याळांचे साक्षीदार: टाइम सर्व्हर निवडीच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकारीने सकाळी दोन लॉग शेजारी शेजारी लावून दाखवले. ॲप्लिकेशन सर्व्हरवरून प्रश्न निघाल्याची वेळ १४:०७:२२.९१०. त्याच प्रश्नाचं उत्तर डेटाबेसने दिल्याची वेळ १४:०७:२२.१०४. म्हणजे विचारण्याआधीच उत्तर. ती दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होती. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, दोन मशिनांच्या घड्याळांत ८०० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं होतं.

दुपारी सगळ्या मशिनांची कॉन्फिग फाइल उघडून पाहिली. एकूण ४६ मशिनं. ११ वर वेळ जुळवणारी सेवाच बंद. १९ वर एकच टाइम सर्व्हर (ज्याला मशीन बरोबर वेळ विचारतं तो) लिहिलेला, ९ वर दोन, आणि फक्त ७ वर पूलची, म्हणजे स्वयंसेवकांच्या टाइम सर्व्हरांच्या सामायिक यादीची, चार नावं. ज्याने जे मशीन उभं केलं त्याने त्या दिवशी जे आठवलं ते लिहिलं, असं दिसतं. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ ही गोष्ट बिघडेपर्यंत कोणाच्या नजरेत येत नाही.

हे काम मी घेतलं. सगळ्यांनी एकाच वेळेवर चालायचं, आणि ती वेळ भरवशाची का, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

४ मार्च

आधी फरक मोजले. वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रॅममध्ये घड्याळाला हात न लावता नुसता फरक छापायचा पर्याय आहे, तो सगळीकडे चालवला. एक मशीन सोडलं (त्याचं खाली लिहितो), तर सेवा बंद असलेल्या ११ पैकी सर्वांत वाईट मशीन ४ मिनिटं १० सेकंद मागे. आमच्याकडे लॉगिन कर्बेरोस या ओळख पटवणाऱ्या पद्धतीवर चालतं, आणि कर्बेरोस मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं. आणखी ५० सेकंद घसरलं असतं तर त्या मशीनवर कोणालाही आत जाता आलं नसतं, आणि आम्ही पासवर्ड तपासत बसलो असतो.

४ मिनिटं १० सेकंद हा आकडा भयंकर वाटतो, पण तो अगदी साध्या हिशोबातून येतो. संगणकाचं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं आणि स्फटिकाची गती दहा लाखांत काही भागांनी चुकते. दहा लाखांत एक भाग म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद. वीस भाग चुकले तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद. त्या मशीनवरची सेवा पाच महिन्यांपूर्वीच्या अपग्रेडनंतर बंद पडली होती, आणि पाच महिन्यांचा गुणाकार बरोबर तिथेच येतो. शिवाय तापमान बदललं की ही गती बदलते, त्यामुळे एकदा मोजून कायमची दुरुस्ती करता येत नाही. सतत कोणाला तरी विचारत राहावं लागतं.

ते सोडलेलं एक मशीन: त्याचा फरक बरोबर पूर्ण तासांचा निघाला. तिथे टाइम झोन चुकीचा होता. स्क्रीनवरचे आकडे बरोबर दिसावेत म्हणून कोणी तरी घड्याळच हाताने पुढे केलं होतं. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारायची ठरलेली पद्धत, आणि तिच्यातून येते ती यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ. त्यात टाइम झोन नसतो, उन्हाळी वेळही नसते. झोन हा फक्त दाखवण्याचा भाग. झोन दुरुस्त केला, घड्याळ परत जागेवर आणलं.

उद्दिष्ट ठरवलं: कोणत्याही दोन मशिनांत १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर नको. आतल्या नेटवर्कवर १ मिलिसेकंदाच्या आत राहायला हरकत नाही. मायक्रोसेकंदांची आम्हाला गरज नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे हौसेपोटी गरज फुगणार नाही.

६ मार्च

सर्व्हर निवडण्याआधी मोजणी कशी होते ते टीमला फळ्यावर समजावलं. मलाही ते नव्याने मांडल्यावर नीट दिसलं.

डेव्हिड मिल्स यांनी डेलावेअर विद्यापीठात आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नावर घालवला. एनटीपीचं पहिलं दस्तावेज १९८५ मधलं, आज चालते ती चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. त्यांची मूळ युक्ती चार वेळांची आहे: आपण पॅकेट (नेटवर्कवरचा छोटा संदेश) पाठवलं ती वेळ, सर्व्हरला ते मिळालं ती वेळ, त्याने उत्तर सोडलं ती वेळ, आणि ते आपल्याकडे पोचलं ती वेळ. पहिली आणि चौथी आपल्या घड्याळाची, मधल्या दोन त्याच्या. एवढ्यावरून प्रवासाला लागलेला एकूण वेळही कळतो आणि दोन घड्याळांतला फरकही.

मात्र यात एक गृहीत आहे: जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला. समजा दोन्ही घड्याळं तंतोतंत जुळलेली आहेत. पॅकेट जायला ४ मिलिसेकंद लागले, यायला २४. गणित म्हणेल की आपलं घड्याळ १० मिलिसेकंद पुढे आहे. ते पुढे नाही, वाट वाकडी आहे. आणि ही चूक त्या एका सर्व्हरकडे बघून कधीही कळत नाही, कितीही वेळा विचारलं तरी तेच उत्तर येतं.

दिलासा एवढाच की वाटेमुळे होणारी चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. वरच्या उदाहरणात २८ चे निम्मे १४, त्याच्या आतच १० आले. म्हणून जवळचा सर्व्हर. जवळचा म्हणजे नकाशावर जवळचा असं नाही, नेटवर्कच्या वाटेने जवळचा. ३ मिलिसेकंदांत जाऊन येणारा सर्व्हर वाटेपायी जास्तीत जास्त दीड मिलिसेकंदाने फसवू शकतो. २०० मिलिसेकंदांवरचा १०० ने.

७ मार्च

बैठकीत सूचना आली: ‘सगळ्यांत वरच्या पातळीचे सर्व्हर घेऊ, सगळी ४६ मशिनं थेट त्यांनाच जोडू.’ नाही म्हणालो, आणि का ते इथे लिहितो, कारण हा विषय पुन्हा निघणार आहे.

ही पातळी, म्हणजे स्ट्रॅटम, हा गुणवत्तेचा शिक्का नव्हे. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर स्वतः शून्यावर, त्याला थेट जोडलेला सर्व्हर एकवर, त्याला विचारणारा दोनवर, असं पंधरापर्यंत. सोळा म्हणजे वेळ जुळलेलीच नाही. हा आकडा मूळ स्रोतापासून किती पायऱ्या आहेत तेवढंच सांगतो. दूरच्या पहिल्या पातळीपेक्षा जवळचा, नीट सांभाळलेला दुसऱ्या पातळीचा सर्व्हर आपल्याला जास्त उपयोगी पडतो, कालच्या हिशोबावरून ते उघड आहे.

दुसरं कारण रीतीचं आहे. हे सर्व्हर बहुतेक ठिकाणी कोणी तरी फुकट चालवतं. मे २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर अचानक पॅकेटांचा पूर आला, पुढच्या महिन्यात तो सेकंदाला अडीच लाख पॅकेटांवर गेला. घरगुती राउटरांच्या काही मॉडेलांत त्या सर्व्हरचा पत्ता प्रोग्रॅममध्येच कोरलेला होता, आणि उत्तर आलं नाही तर राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. विद्यापीठाने कोणाला निमंत्रण दिलं नव्हतं. आमची ४६ मशिनं म्हणजे काही पूर नव्हे, पण बाहेर चार मशिनांनी विचारावं आणि बाकीच्यांनी त्या चारांना विचारावं, हेच बरोबर आहे. आतला विलंबही त्यामुळे मिलिसेकंदाच्या आत येतो.

१० मार्च

किती सर्व्हर हवेत?

एकच असेल तर तो सांगेल ते खरं. १९ मशिनांवर सध्या हेच चाललंय. दोन असतील तर त्यांच्यात मतभेद झाल्यावर कोण बरोबर हे ठरवायला तिसरा नाही, म्हणजे एकापेक्षा वाईट अवस्था. तीन असतील तर एक चुकला तरी दोघं त्याला ओळखतात. पण त्यातला एक देखभालीसाठी बंद असेल तर पुन्हा दोनवर आलो. म्हणून किमान चार. एनटीपीच्या चांगल्या वापरासाठी २०१९ मध्ये जी मार्गदर्शिका निघाली तीही चारच सांगते.

बहुमत कसं ठरतं ते महत्त्वाचं. सर्व्हर एक आकडा देत नाही, खरं तर एक पट्टा देतो: ‘खरी वेळ या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आहे.’ पट्ट्याची रुंदी विलंबावरून आणि सर्व्हरने स्वतः कबूल केलेल्या अनिश्चिततेवरून येते. पहिला म्हणतो वजा ३ ते अधिक ५, दुसरा वजा १ ते अधिक ६, तिसरा अधिक ३८ ते अधिक ४४. पहिल्या दोघांचे पट्टे एकमेकांवर येतात, तिसरा एकटा पडतो, तो बाद. ही पद्धत कीथ मार्झुलो यांच्या १९८४ च्या प्रबंधातून आली आणि सुधारून एनटीपीत बसली.

मात्र हे बहुमत तेव्हाच खरं, जेव्हा साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतात. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे टिक आणि टॉक हे दोन प्रसिद्ध सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते. दोन्ही पहिल्या पातळीचे, दोन्ही नामांकित, आणि दोन्ही एकाच वेळी तेच चुकीचं बोलत होते. ज्यांनी या दोघांवरच भिस्त ठेवली होती त्यांची मशिनं बारा वर्षं मागे गेली. तिसरा एकटा बरोबर असता तरी त्याचं कोणी ऐकलं नसतं.

माझ्या मते या प्रकल्पातला खरा प्रश्न हा आहे. चार सर्व्हर शोधणं दहा मिनिटांचं काम. एकाच कारणाने चारही एकदम चुकणार नाहीत असे चार शोधणं हे काम आहे.

११ मार्च

एनटीपी पूल तपासला. २००३ मध्ये आद्रियान फॉन बिडर यांनी सुरू केला, २००५ पासून आस्क ब्यॉर्न हान्सन चालवतात. जगभरचे स्वयंसेवक आपापला सर्व्हर देतात. पूलचं निरीक्षण प्रत्येकाला गुण देतं, जास्तीत जास्त २०, आणि गुण १० च्या खाली गेले की तो सर्व्हर नावांच्या यादीतून आपोआप वगळला जातो. नाव विचारलं की दर वेळी वेगळे पत्ते मिळू शकतात.

जमेची बाजू मोठी आहे: वेगवेगळी माणसं, वेगवेगळी नेटवर्कं, वेगवेगळी उपकरणं. अडचण एकच, आज कोणता सर्व्हर वाट्याला येईल हे आपल्या हातात नाही. क्रोनीत ‘पूल’ असं लिहिलं तर ते एका नावातून चारपर्यंत सर्व्हर घेतं आणि एखादा गप्प झाला की बदली शोधतं. ‘सर्व्हर’ असं लिहिलं की एकच पत्ता. आमच्या सात मशिनांवर पूलची नावं दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली आहेत. बदलायचं.

१३ मार्च

चाचणीसाठी एक स्वतंत्र मशीन घेतलं, व्हर्च्युअल (दुसऱ्या मशीनच्या आत प्रोग्रॅम म्हणून चालणारं) नाही, खरंखुरं. चौदा उमेदवार लिहिले: राष्ट्रीय मापन प्रयोगशाळांचे काही, विद्यापीठांचे काही, मोठ्या कंपन्यांच्या सार्वजनिक वेळसेवा, पूल, आणि आमच्या इंटरनेट पुरवठादाराचा एक. ज्यांनी वापराचे नियम लिहिले आहेत ते वाचले. ज्यांनी ‘आधी कळवा’ म्हटलंय त्यांना पत्र पाठवलं. प्रत्येकाला ‘फक्त बघ, निवडू नकोस’ हा पर्याय लावला, म्हणजे क्रोनी मोजेल पण त्यांच्यावरून घड्याळ हलवणार नाही. विचारण्याचं अंतर किमान ६४ सेकंद ठेवलं. घाई नाही.

१४ मार्च

सगळ्या चौदांसमोर पोचण्याचा आकडा शून्य. हा आकडा अष्टमान पद्धतीत असतो, शेवटचे आठ प्रयत्न यशस्वी झाले तर ३७७ दिसतो. एकही नाही म्हणजे दोष आपल्याकडेच. फायरवॉलमधून यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे एनटीपीच्या ठरलेल्या दारातून, बाहेर जायला परवानगी होती, उत्तर आत यायला नव्हती. नेटवर्कवाल्यांनी तासाभरात दुरुस्त केलं. संध्याकाळी बहुतेकांसमोर ३७७.

१७ मार्च

चाचणी चालू असताना लीप सेकंदाचा, म्हणजे पृथ्वीच्या परिवलनाशी जुळवून घ्यायला यूटीसीत अधूनमधून घातल्या जाणाऱ्या जादा सेकंदाचा, प्रश्न निकालात काढला.

१९७२ पासून यूटीसीत २७ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. काही मोठ्या सेवा तो सेकंद एकदम घालत नाहीत, तो पसरवतात. गूगलची पद्धत दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा अशी, यूटीसीप्रमाणे. त्या २४ तासांत प्रत्येक सेकंद किंचित लांब केला जातो. ज्यांच्या प्रोग्रॅमांना २३:५९:६० असा जादा सेकंद पचत नाही त्यांच्यासाठी हे सोयीचं आहे. जून २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्सच्या कर्नेलमधल्या (गाभ्यातल्या) दोषाने कितीतरी सर्व्हर अडकले होते, त्यामुळे ही भीती निराधार नाही.

पण पसरवणारे आणि न पसरवणारे सर्व्हर एकत्र केले तर त्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास त्यांच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. दोन बाजूंना दोन-दोन साक्षीदार, दोन्ही आपल्या परीने खरे, आणि निर्णय अशक्य. म्हणून एकच बाजू घ्यायची. आम्ही शुद्ध यूटीसी घेतली आणि पसरवणाऱ्या सेवा यादीतून काढल्या. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे. त्या सेवा निवडायच्या तर सगळ्या तशाच निवडाव्या लागतात.

येत्या जूनअखेरीस लीप सेकंद नाही असं पृथ्वीच्या परिवलनावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेने जानेवारीतच जाहीर केलं आहे. वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने २०२२ मध्ये ठरवलंय की २०३५ पर्यंत ही पद्धत सोडायची. तोवर मात्र नियम पाळावा लागणार.

२४ मार्च

दहा दिवसांचे आकडे जमले. दिवसभर हेच पाहत होतो.

पहिली गोष्ट: दोन उमेदवारांच्या फरकाचे आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसते. एक वर गेला की दुसरा वर. वेगळी नावं, वेगळ्या संस्था. दोघांचा संदर्भ-क्रमांक पाहिला, म्हणजे ते स्वतः कोणाला विचारतात ते. दोघांचाही तोच एक सर्व्हर. तो चुकला की दोघं मिळून चुकणार, आणि मतदानात दोन मतं टाकणार. एक ठेवला, एक काढला. हा संदर्भ-क्रमांक वेळोवेळी बदलू शकतो, म्हणून एकदा पाहून भागत नाही. मी तासातासाला नोंदवत होतो, सलग आठ दिवस तोच होता.

दुसरी गोष्ट, जिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. एक उमेदवार सगळ्यांपेक्षा सातत्याने १८ मिलिसेकंद मागे दिसत होता. स्ट्रॅटम एक, डळमळ अगदी कमी, एकही पॅकेट हरवलेलं नाही. आलेखावर सरळ रेषा. फुलीचं चिन्ह लावून बाद करायला बोट पुढे गेलं होतं. पण घड्याळ बिघडलेलं असतं तर रेषा हळूहळू सरकली असती, इतकी स्थिर राहिली नसती. एकूण विलंब ५२ मिलिसेकंद, म्हणजे वाटेमुळे २६ पर्यंतची चूक शक्य. ६ तारखेचा फळा आठवला.

दुसऱ्या पुरवठादाराच्या लिंकवरून तेच मशीन त्याच सर्व्हरला विचारायला लावलं. फरक दीड मिलिसेकंद. सर्व्हर उत्तम होता. आमच्या मुख्य लिंकवरून जाणारं पॅकेट एका वाटेने जात होतं आणि येणारं भलत्याच लांबच्या वाटेने येत होतं.

त्या सर्व्हरला ‘चुकीचा’ म्हणून नोंदवलं असतं तर ती नोंद खोटी ठरली असती. आता लिहितो: ‘आपल्या मुख्य लिंकवरून वापरू नये.’ टाइम सर्व्हरला सर्वत्र लागू पडणारी भरवशाची मोहर नसते, भरवसा त्या सर्व्हरचा आणि त्याच्यापर्यंतच्या वाटेचा मिळून असतो. म्हणून दुसऱ्याने केलेली यादी उचलून चालत नाही, स्वतःच्या जागेवरून मोजावं लागतं.

तिसरी: पहिल्या पातळीचा एक दूरचा सर्व्हर, विलंब १४० च्या घरात, दिवसा आलेख करवतीसारखा. दुसऱ्या पातळीचा आमच्या पुरवठादाराचा, विलंब ३, आलेख जवळजवळ सपाट. स्ट्रॅटमवरून वाद घालणाऱ्या सहकाऱ्याला दोन्ही आलेख दाखवले, त्याला लगेच पटलं.

२६ मार्च

शिल्लक राहिलेल्यांत स्वातंत्र्य पुन्हा तपासलं, या वेळी आणखी एक पायरी खाली. बहुतेक पहिल्या पातळीचे सर्व्हर वेळ घेतात जीपीएसकडून. म्हणजे वेगळ्या संस्था, वेगळी नेटवर्कं, पण डोक्यावर तेच उपग्रह. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती गेली आणि जीपीएसमधून मिळणारी यूटीसी सुमारे १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकली. आमच्या १० मिलिसेकंदांपुढे हे काहीच नाही. पण जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांचा असतो, दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो, आणि जुने रिसीव्हर तेव्हा जवळपास वीस वर्षं मागे जाऊ शकतात. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तो आकडा उलटला. ही चूक मायक्रोसेकंदांची नसते.

म्हणून चारांत किमान एक असा हवा ज्याच्यामागे स्वतःची अणुघड्याळं आहेत. राष्ट्रीय मापन प्रयोगशाळा इथे उपयोगी पडतात. अमेरिकेची एनआयएसटी, जर्मनीची पीटीबी अशा संस्था स्वतःच यूटीसी राखतात, जीपीएसवर अवलंबून नसतात. एनआयएसटीने स्पष्ट लिहिलंय की कोणीही ४ सेकंदांपेक्षा कमी अंतराने विचारू नये. आम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही.

स्वतःचा जीपीएस अँटेना बसवावा का यावर चर्चा झाली. मिलिसेकंदासाठी गरज नाही. सोडून दिलं.

२८ मार्च

सुरक्षेचा भाग. साध्या एनटीपीत उत्तर खरंच त्या सर्व्हरकडून आलं का, हे तपासायची सोय वापरात नसतेच म्हटलं तरी चालेल. वेळ मागे नेता आली तर सर्व्हरची ओळख पटवणारं, पण मुदत संपलेलं प्रमाणपत्र पुन्हा चालवता येतं, म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही. एनटीएस नावाची पद्धत २०२० मध्ये प्रमाणित झाली: आधी टीसीपीच्या ४४६० पोर्टवर टीएलएसने (प्रमाणपत्र तपासून केलेल्या सुरक्षित जोडणीने) किल्ली ठरवायची, मग नेहमीच्या पॅकेटांवर सही. आमच्या यादीतले दोन सर्व्हर ती देतात. दोन्हीकडे चालू केली, फायरवॉलमध्ये तेही पोर्ट उघडून घेतलं.

इथे एक गाठ आहे. टीएलएसचं प्रमाणपत्र तपासायला बरोबर वेळ लागते, आणि वेळ मिळवायला प्रमाणपत्र तपासावं लागतं. ज्या लहान मशिनांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही ती सुरू होताना कित्येक वर्षं मागे असतात आणि दारातच अडतात. क्रोनीत पहिल्या तपासणीपुरती प्रमाणपत्राची तारीख दुर्लक्षित करायचा पर्याय आहे, पण तो मी लावला नाही. अशी मशिनं आमच्या आतल्या चार सर्व्हरांकडूनच वेळ घेतील, आणि त्या चौघांत बॅटरी आहे.

आपला सर्व्हर बाहेरच्यांना उत्तर देत नाही ना, हेही तपासलं. २०१४ च्या सुरुवातीला जुन्या सर्व्हरांतल्या एका आदेशाचा गैरवापर करून लहान प्रश्नाला प्रचंड उत्तरं मागवली गेली आणि ती भलत्याच्याच अंगावर सोडली गेली. दोन जुनी मशिनं अजूनही तो आदेश मानत होती. बंद केला.

१ एप्रिल

बदल लावायला सुरुवात. आतले चार सर्व्हर, चारही खरी मशिनं, दोन दोन वेगळ्या लिंकवर. प्रत्येकाकडे चार-पाच बाहेरचे स्रोत, पण चौघांची यादी सारखी नाही. ४२ मशिनं या चौघांना विचारतात.

व्हर्च्युअल मशिनांवर दोन मालक निघाले: यजमान मशीन आपली वेळ आत ढकलत होतं आणि आतलं क्रोनी ती दुरुस्त करत होतं. यजमानाकडून होणारी जुळवणी बंद केली.

ॲप्लिकेशन सर्व्हर, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तो ०.८ सेकंद पुढे. एकदम मागे आणता येत नाही, कारण त्यावर नोंदींचे क्रमांक वेळेवरून बनतात, तीच वेळ पुन्हा आली तर तोच क्रमांक पुन्हा येईल. घड्याळ उडी न मारता मंद करायचं ठरवलं, दहा लाखांत ५०० भाग. ०.८ सेकंद फेडायला किमान १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटं. डेटाबेसवाली सहकारी आणि मी पडद्यासमोर बसून राहिलो. आकडा सातशे, सहाशे, चारशे, नव्वद असा उतरला. एकही क्रमांक दुबार झाला नाही.

यापुढे घड्याळाला उडी मारायची परवानगी फक्त सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत, आणि फरक एक सेकंदाहून मोठा असेल तरच.

३ एप्रिल

मोडून पाहण्याचा दिवस.

दोन्ही लिंक सहा तास तोडल्या. आतले चौघं एकमेकांना धरून राहतात का ते पाहायचं होतं. क्रोनीला सांगून ठेवलंय की बाहेरचं कोणी नसेल तर चौघांतल्या एकाला मान्य करा आणि दहाव्या पातळीवर उतरा. सहा तासांत सगळे मिळून ९ मिलिसेकंद घसरले, पण एकमेकांत अंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. बाहेरच्या जगाशी थोडं चुकलं तरी लॉगचा क्रम बिघडला नाही. हेच हवं होतं.

मग चौघांतल्या एकाचं घड्याळ मुद्दाम २ सेकंद पुढे केलं आणि त्याला खोटी वेळ वाटायला लावली. काही मिनिटांत वेळ विचारणाऱ्या मशिनांवर त्याच्यासमोर फुली आली. कोणाचंही घड्याळ हललं नाही.

शेवटी दोघांना तेच खोटं बोलायला लावलं. दोन विरुद्ध दोन. मशिनांनी ‘बहुमत नाही’ असा संदेश लॉगमध्ये लिहिला आणि कोणाचंच न ऐकता आपल्या शेवटच्या ज्ञात गतीने चालत राहिली. एका सहकाऱ्याला हे अपयश वाटलं. मला ते योग्य वागणं वाटतं. खात्री नसताना कोणाच्या तरी मागे जाण्यापेक्षा थांबून ओरडलेलं बरं, फक्त ते ओरडणं कोणाला तरी ऐकू गेलं पाहिजे.

८ एप्रिल

ऐकू जाण्याची सोय केली. प्रत्येक मशीनवर तीन गोष्टींवर नजर: निवडण्याजोगे स्रोत तीनपेक्षा कमी झाले का, फरक ५ मिलिसेकंदांवर गेला का, आणि मूळ स्रोतापर्यंतची एकूण अनिश्चितता ५० वर गेली का. तिसरी सगळ्यांत बोलकी आहे. स्रोत गप्प झाले की फरक शून्यच दिसत राहतो, कारण मोजायलाच कोणी नसतं, पण अनिश्चितता वाढत जाते.

जुन्या उपकरणांची वेगळी यादी केली. एनटीपीचं सेकंदांचं खातं ३२ बिटांचं, १ जानेवारी १९०० पासून मोजलेलं. ते ७ फेब्रुवारी २०३६ ला भरून पुन्हा शून्यावर येईल. नव्या प्रोग्रॅमांना हे समजतं. दारांची नोंद ठेवणाऱ्या दोन उपकरणांबद्दल त्यांच्या निर्मात्याला विचारलंय.

११ एप्रिल

सहकारीने तोच अहवाल पुन्हा चालवला. आठवडाभराच्या नोंदींत उत्तर प्रश्नाच्या आधी आल्याची एकही जोडी नाही. सर्वांत मोठं अंतर १.३ मिलिसेकंद, तेही एका व्हर्च्युअल मशीनवर भार आलेला असताना.

ज्यांचे सर्व्हर वापरतोय त्यांतल्या दोन विद्यापीठांना आभाराचं पत्र लिहिलं, आणि आमच्याकडून काही गडबड दिसली तर कोणाला कळवायचं तो पत्ता दिला. आपलाही एक सर्व्हर पूलला द्यावा असं मनात आहे. त्यासाठी कायमचा पत्ता आणि वर्षानुवर्षं चालवायची तयारी लागते, आणि मुख्य लिंकचा पत्ता ऑगस्टमध्ये बदलणार आहे. तो बदल झाल्यावर, नव्या वाटेवरून पुन्हा दहा दिवस मोजून मग देऊ. कॅलेंडरमध्ये १ सप्टेंबर टाकलं.